आधी जाणार कोण?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे ग्रँड फायनल, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपतो आणि मेलबर्नच्या पश्चिम भागातला खरा हंगाम त्यानंतर सुरू होतो, असे माझे जुने मत आहे. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी वेस्ट फुट्सक्रेच्या बार्कली स्ट्रीटवर, आपल्याकडचे वाणसामान मिळणाऱ्या एका दुकानात, मी जाडे पोहे शोधत होते आणि पोह्यांच्या कप्प्यासमोर दोन गृहस्थ वाद घालत उभे होते. एक सत्तरीपुढचे, गळ्यात लाल-पांढरा-निळा मफलर घातलेले, इथेच जन्मून इथेच म्हातारे झालेले असावेत. दुसरा चाळिशीतला, बहुधा पंजाबी, हातात मसूर डाळीची पिशवी. आमच्या भागातल्या वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबने पुढच्या वर्षासाठी एक चपळ, बुटका फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा खेळाडू, दुसऱ्या क्लबकडून उचलावा, असे धाकट्याचे म्हणणे होते आणि ते तो इतक्या पोटतिडकीने मांडत होता, की मुलीचे लग्न ठरवायला निघालेल्या माणसानेही एवढे जीव तोडून बोलू नये. थोरल्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "घ्यायचा तो ठीक आहे. द्यायचे कोणाला?"

धाकटा गप्प झाला आणि मसुरीच्या पिशवीवरचा मजकूर वाचू लागला.

ज्यांनी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणजे इथली फूटी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी इतकेच सांगते, की मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला 18 खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. बाकीचे नियम इथे जन्मलेल्यांनाही पंचांनी शिट्टी वाजवल्यावरच आठवतात. खेळ मार्चपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. त्यानंतर ऑक्टोबरात क्लब आपापसांत खेळाडूंची देवघेव करतात आणि नोव्हेंबरात ड्राफ्ट होतो. त्यात देशभरातली अठरा वर्षांची मुले एकेक करून निवडली जातात. गुणतक्त्यात सगळ्यात खाली राहिलेल्या क्लबला पहिली निवड मिळते. ही पद्धत 1986 पासून आहे, आणि तिचा परिणाम असा, की हरलेल्या संघाच्या पाठीराख्यांनाही ऑक्टोबरात बोलण्यासारखे काहीतरी उरते; किंबहुना जिंकलेल्यांपेक्षा अधिकच उरते.

या मुलांबद्दलचे बोलणे ऐकताना मला स्थळे बघण्याच्या बैठकींची आठवण येते. उंची किती, वजन किती, 20 मीटर किती सेकंदांत पळतो, घर सोडून परगावी राहील का, गुडघा कधी दुखावला होता का, आणि वडील काय करत. हा शेवटचा प्रश्न तर इथे नियमातच बसवलेला आहे. वडील ज्या क्लबकडून किमान शंभर सामने खेळले, त्या क्लबचा मुलावर पहिला हक्क असतो. दुसऱ्या क्लबने मुलावर बोली लावली, तर वडिलांच्या क्लबने तेवढी किंमत आपल्या इतर निवडी खर्ची घालून मोजायची आणि मुलगा घरी आणायचा. बुलडॉग्जचे या नियमावर इतके भागले आहे, की आमच्याकडे एखादा निवृत्त खेळाडू बाबागाडी ढकलताना दिसला, तरी लोक आत डोकावून पाहतात. टोनी लिबरेटोरे यांचा टॉम, मार्क हंटर यांचा लॅकी, ब्रायन कॉर्डी यांचा झेन, हे तिघेही 2016 च्या विजेत्या संघात होते. पुढे स्कॉट वेस्ट यांचा रायली आला, मॅथ्यू क्रॉफ्ट यांचा जॉर्डन आला. सॅम डार्सीच्या आधी वडील ल्यूक आणि त्यांच्याही आधी आजोबा डेव्हिड याच क्लबकडून खेळले. मला घराणेशाहीचा एरवी मनस्वी तिटकारा आहे. या एका बाबतीत मात्र मी तो बाजूला ठेवते आणि कोणी कारण विचारलेच, तर ऐकू आले नाही असे दाखवते.

उंचीचा बाऊ मला पटत नाही. टोनी लिबरेटोरे 163 सेंटिमीटरचे होते. या खेळात ही उंची थट्टेचा विषय व्हावी अशीच. पण 1990 मध्ये लीगमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो मेडल त्यांच्याच गळ्यात पडले. केलेब डॅनियल हा 168 सेंटिमीटरचा मुलगा 2014 च्या ड्राफ्टमध्ये 46 व्या क्रमांकापर्यंत कोणालाही नको होता आणि दोनच वर्षांत तो डोक्याला हेल्मेट घालून ग्रँड फायनल जिंकून मोकळा झाला. तरीही दर ऑक्टोबरात कोणीतरी शहाणा दोन मीटरच्या मुलांची यादी घेऊन बसतोच. माझा आणखी एक हेका आहे: "आपण दहा नंबर घेऊ" असे बोललेले मला खपत नाही. दहाव्या क्रमांकावर जो कोणी येईल त्याला आई-बापांनी नाव ठेवलेले असते, आणि नाव कळेपर्यंत आपण थांबायला काय हरकत आहे?

थोरल्या गृहस्थांचा प्रश्न मी ठाण्यात वाढताना दर रविवारी ऐकलेला आहे. भारतीय क्रिकेट संघाची निवड जवळ आली, की शेजारचे काका सकाळीच आमच्याकडे येत आणि दिनदर्शिकेच्या मागच्या महिन्याचे पाठकोरे पान घेऊन ते आणि बाबा संघ लिहायला बसत. काकांच्या यादीत अमोल मुजुमदार कायम असे. 1994 मध्ये मुंबईकडून रणजीच्या पदार्पणातच 260 धावा काढणारा मुलगा भारताच्या संघात नाही, हा काकांना स्वतःवर झालेला अन्याय वाटे. बाबांचे त्यावर दुमत नव्हते. ते फक्त चष्मा पुसत म्हणत, "घेऊ या. आधी काढायचा कोण ते सांगा." मग काका द्रविडचे नाव घेऊन स्वतःच जीभ चावत, गांगुलीशी थोडे घुटमळत, लक्ष्मणपाशी येऊन उसासा टाकत आणि शेवटी यष्टिरक्षकाला वगळून मुजुमदारला घेत. यष्टिरक्षकाशिवाय संघ कसा खेळणार, यावर आईने चहा आणून ठेवीपर्यंत चर्चा चाले. मुजुमदार भारताकडून कधीच खेळला नाही. त्याने प्रशिक्षण दिलेल्या महिला संघाने 2025 मध्ये विश्वचषक जिंकला, तेव्हा काका हयात नव्हते, नाहीतर त्यांनी मला मध्यरात्री फोन करून "सांगत होतो ना?" असे ऐकवले असते.

काय सांगत होते, हे विचारायचे नसते.

मुद्दा असा, की हवा कोण हे कोणीही सांगू शकतो. सोडायचा कोण, हे सांगताना माणसाचा कस लागतो, आणि फूटीतल्या देवघेवीचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे. 2001 मध्ये फ्रीमँटलने हॉथॉर्नकडून ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन घेतले आणि बदल्यात ड्राफ्टमधली आपली पहिली, विसावी आणि छत्तिसावी निवड दिली. हॉथॉर्नने पहिलीवर ल्यूक हॉज आणि छत्तिसावीवर सॅम मिचेल घेतला. दोघेही पुढे विजेत्या हॉथॉर्नचे कर्णधार झाले. गंमत म्हणजे क्रोडही दोन हंगामांनी हॉथॉर्नला परत आला आणि 2008 ची ग्रँड फायनल मिचेलच्या नेतृत्वाखाली जिंकला. रिचमंडवाल्यांसमोर 2004 चा विषय काढू नये. त्यांनी चौथ्या क्रमांकावर रिचर्ड टॅम्बलिंगला पसंती दिली आणि लगेच पाचव्यावर हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिन नेला, ज्याने पुढे हजारावर गोल केले. यात टॅम्बलिंगचा काय दोष? परंतु त्याच्या प्रत्येक सामन्यात लोकांनी त्याच्याकडे पाहून फ्रँकलिनचे गोल मोजले.

बुलडॉग्जच्या लोकांना द्यायचे कोणाला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक बोचतो, याचे कारण एकदा क्लबच जायला निघाला होता. 1989 मध्ये कर्जात बुडालेल्या फुट्सक्रेचे (बुलडॉग्जचे तेव्हाचे नाव) फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबशी विलीनीकरण जवळजवळ पक्के झाले होते. तेव्हा पीटर गॉर्डन नावाच्या तरुण वकिलाच्या पुढाकाराने लोक डबे घेऊन रस्त्यावर आणि घरोघरी फिरले, पैसे जमवले आणि क्लब वाचवला. ज्याने क्लबच्या डब्यात स्वतः नाणे टाकले आहे, त्याला संघनिवडीत तोंड घालू नकोस असे कोणत्या तोंडाने सांगणार?

पुढच्याच वर्षी ख्रिस ग्रँट नावाचा सतरा वर्षांचा मुलगा खेळू लागला. डेल्सफर्डचा हा मुलगा 1988 च्या ड्राफ्टमध्ये 105 व्या क्रमांकावर निवडला गेला होता, म्हणजे बहुतेक पाठीराखे ज्या क्रमांकापर्यंत जागेही राहत नाहीत तिथे. काही वर्षांत तो क्लबचा मानबिंदू झाला आणि 1996 मध्ये, नव्याने लीगमध्ये येऊ घातलेल्या पोर्ट अॅडलेडने त्याच्यापुढे अशी रक्कम ठेवली, की बुलडॉग्जला ती देणे शक्यच नव्हते. तो जाणार असे सगळ्यांनी धरले. त्या दिवसांत त्याला पत्रांचा ढीग आला आणि त्यातल्या एका पत्रात एका लहानग्या चाहत्याने, तू राहावास म्हणून, वीस सेंटचे नाणे घालून पाठवले होते. ग्रँट राहिला. 341 सामने खेळला. विजेतेपद मात्र त्याला कधीच मिळाले नाही. 1997 च्या उपांत्य फेरीत अॅडलेडकडून झालेला दोन गुणांचा पराभव इथल्या काही घरांत अजून ताजा आहे. ग्रँटची ही गोष्ट मला प्रथम ऐकवली ती आमच्या शेजारणीने, कुंपणापलीकडून, हातातली पाण्याची नळी तशीच वाहती ठेवून, आणि माझी कोथिंबीर त्यात आडवी झाली तरी मी तिला मध्येच थांबवले नाही.

प्रत्येक जण ग्रँट नसतो, आणि नसावाही. आमचा बेली स्मिथ 2024 मध्ये जिलाँग क्लबकडे गेला तेव्हा जाण्याचा त्याला पूर्ण हक्क होता, हे मी मान्य करते. पुढच्या वर्षी तो ग्रँड फायनल खेळला आणि ब्रिस्बेनकडून हरला, त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एकूण वातावरण बरे होते, हेही मान्य करते.

आणि मग 2014. त्या ऑक्टोबरात कर्णधार रायन ग्रिफनने मला ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सकडे जाऊ द्या, असे सांगितले. प्रशिक्षक ब्रेंडन मॅकार्टनी यांनीही पद सोडले. क्लबने ग्रिफन आणि सहावी निवड देऊन जायंट्सकडून टॉम बॉयड आणला. आधीच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला, दोन मीटर उंच, एकोणीस वर्षांचा, जेमतेम नऊ सामने खेळलेला मुलगा, आणि त्याच्याशी सात वर्षांचा, लाखोंचा करार. एवढे पैसे एका पोरावर? त्या पैशांत काय काय आले असते, याच्या याद्या लोकांनी तोंडपाठ केल्या होत्या. त्याचा एक झेल सुटला, की माझ्या शेजारी बसलेले अनोळखी लोक त्या झेलाची डॉलरमध्ये किंमत काढत.

2016 मध्ये सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत आलेल्या बुलडॉग्जने उपांत्य सामन्यात त्याच जायंट्सला सहा गुणांनी हरवले आणि ग्रँड फायनलमध्ये सिडनी स्वान्सला 22 गुणांनी. 1954 नंतरचे पहिले विजेतेपद. बॉयडने त्या दिवशी तीन गोल केले. शेवटचा मैदानाच्या जवळजवळ मध्यातून मारलेला, टप्पा खाऊन खांबांमधून गेलेला. त्या क्षणी हिशेब करणारे सगळे उठून नाचत होते आणि याद्या कोणालाच आठवत नव्हत्या. पुढच्याच वर्षी नैराश्यामुळे त्याला खेळापासून दूर व्हावे लागले, आणि मे 2019 मध्ये, कराराची दोनेक वर्षे आणि त्यांचा पगार शिल्लक असताना, तो निवृत्त झाला. वय 23.

तो सौदा परवडला का, असे अजूनही कोणी ना कोणी विचारतोच. विजेतेपद आले म्हणजे परवडला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि हिशेबात ते चुकत नसतीलही. पण हा प्रश्न मला त्या मुलाच्या आईसमोर बसून विचारता येणार नाही. म्हणून माझ्या स्वयंपाकघरात तो कोणी काढला, तर मी त्याला कांदे चिरायला देते.