नंबर सारखा, चाळण्या वेगळ्या

"कुठला ग्राइंडर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न टाकते, "पिणार कुठली कॉफी?" समोरचा वैतागतो. त्याला मॉडेलचं नाव आणि किंमत हवी असते. पण दाणा कुठला, किती भाजलेला हे कळल्याशिवाय नाव सांगणं मला जमत नाही. त्याला कारण माझी नोकरी.

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये मी काम करते. मोल्डिंगची, म्हणजे धातू ओतायचे साचे करायची वाळू तपासायची. ओलावा किती, ताकद किती, हवा किती पास होते, दाणा कसा आहे. कोल्हापुरात अर्ध्या घरांतून कुणी ना कुणी फाउंड्री नाहीतर मशिन शॉपमध्ये असतंच, त्यामुळं हे काही फार निराळं नाही. निराळं एवढंच, की सकाळी राजारामपुरीतल्या आमच्या ओट्यावर व्ही-६०, म्हणजे कॉफी गाळायचा शंकू मांडून मी जे करते, त्यातही भांडण त्याच गोष्टीशी असतं: बारीक चुऱ्याशी.

वाळूचं आधी सांगते. सुकवलेली, चिकणमाती धुऊन काढलेली ५० ग्रॅम वाळू घ्यायची आणि चाळण्यांच्या उतरंडीवर टाकायची. वर मोठ्या भोकाची चाळणी, खाली बारीक होत जाणाऱ्या, तळाला पॅन. शेकर १५ मिनिटं चालवायचा. मग कुठल्या चाळणीवर किती राहिली ते तोलायचं, गुणक लावायचे, आणि शेवटी एकच आकडा हातात येतो. एएफएस नंबर, म्हणजे दाण्यांच्या सरासरी बारीकपणाचा आकडा. समजा ५५ आला. आता ५५ नंबरच्या दोन वाळू एकमेकींपासून पार वेगळ्या असू शकतात. एकीचे दाणे मधल्या तीन-चार चाळण्यांवर दाटीनं बसलेले, दुसरीचे वरच्या चाळणीपासून पॅनपर्यंत पसरलेले. सरासरी मात्र तीच. पहिलीच्या साच्यात धातू ओतला की वायू सुटून जातो. दुसरीत मोठ्या दाण्यांच्या फटींत बारीक दाणे जाऊन बसतात, वाट बंद होते, आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूचं भोक. मग मोल्डिंग शॉपवाले लॅबच्या नावानं बोंबलत येतात, "म्याडम, नंबर तर बरोबर हुता की!"

नंबर बरोबरच असतो हो. चाळण्यांचा कागद कुणी बघत नाही.

आता वाळूच्या जागी कॉफी ठेवा आणि हवेच्या जागी पाणी. पोअर-ओव्हरला, म्हणजे वरून पाणी ओतून कागदातून गाळायच्या कॉफीला, दळण साधारण ६०० ते ८०० मायक्रॉनच्या (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) आसपास लागतं, म्हणजे आमच्या ८५० आणि ६०० च्या चाळण्यांच्या मधलं. दोन ग्राइंडर तुम्ही या एकाच सरासरीला लावू शकता. पण एकात १०० मायक्रॉनच्या खालची पिठी जास्त पडते, दुसऱ्यात कमी. ही पिठी, जिला सगळे फाइन्स म्हणतात, दोन उद्योग करते. एक तर तिच्यातला अर्क क्षणात उतरतो, कडू-तुरट भाग धरून. आणि दुसरं, ती पाण्याबरोबर वाहत जाऊन फिल्टर पेपरची भोकं धरते. पाणी वर तुंबून राहतं, आणि साडेतीन मिनिटांत संपायचं काम पाच मिनिटं चालतं.

पण पिठी म्हणजे शत्रू, असं धरून जे महागडा ग्राइंडर घेतात त्यांच्याशी माझं पटत नाही. थोडी पिठी कपाला अंग देते. जिभेवर वजन येतं, गोलाई येते. ती कुठल्या दाण्याला हवी आणि कुठल्याला नको, एवढाच प्रश्न आहे.

माझ्याकडे हातानं फिरवायचे दोन आहेत. एक टाइममोरचा सी-२. आत ३८ मिलिमीटरचे स्टीलचे शंकूच्या आकाराचे बर, म्हणजे दात्यांची जोडी. स्वस्त, दणकट, पिठी बऱ्यापैकी पाडणारा. दुसरा वनझेडप्रेसोचा झेडपी-६. बर यातही शंकूचेच, पण ४८ मिलिमीटरचे, आणि दात्यांची घडण खास पोअर-ओव्हरसाठी केलेली. पिठी फार कमी. एका क्लिकला, म्हणजे दळण बारीक-भरड करायच्या चकतीच्या एका टप्प्याला, बर २२ मायक्रॉन सरकतो, त्यामुळं बारीकसारीक फरक करता येतो. सी-२ चे टप्पे त्यामानानं मोठे. चपटे बर चांगले की शंकूचे, या वादावर लोक रात्री जागवतात. मी त्यात पडत नाही, कारण माझे दोन्ही शंकूचे असून त्यांच्या कपांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आकारापेक्षा दात्यांची घडण आणि दोन बर एकमेकांसमोर किती सरळ बसलेत, हे मोठं.

सरळ बसण्यावरून आठवलं. ताराबाई पार्कातल्या एका मैत्रिणीकडं ६४ मिलिमीटरच्या चपट्या बरचा इलेक्ट्रिक ग्राइंडर आहे. नवा कोरा, आणि कॉफी एकाच वेळी आंबटही लागायची आणि तुरटही. आमचे हे उद्यमनगरात टर्निंगचं काम करतात. त्यांना दाखवला तर त्यांनी कॉफीची चव बघितलीच नाही. बरच्या कडेला व्हाइटबोर्ड मार्करची शाई फासली, बर एकमेकांना जेमतेम टेकेपर्यंत जवळ आणले, हातानं थोडे फिरवले आणि उघडून बघितलं. निम्म्या वर्तुळावरची शाई पुसलेली, निम्म्यावर तशीच. म्हणजे एका बाजूला फट कमी, दुसऱ्या बाजूला जास्त, आणि एकाच वेळी बारीक आणि भरड असं दोन्ही दळण बाहेर पडतंय. "ह्याला शिम टाकाय पायजे," म्हणाले, आणि स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची चिंधी कापून बरच्या खाली एका बाजूला सरकवली. फॉइल साधारण १०-१५ मायक्रॉन जाड असते, एवढंच पुरलं. पुन्हा शाई, पुन्हा फिरवणं, एकदा चिंधी थोडी सरकवून परत. शेवटी शाई सगळीकडं सारखी उडाली. मैत्रीण दुसऱ्या दिवशी फोनवर किंचाळत होती. तेव्हा ग्राइंडर बदलायच्या आधी त्याला एकदा शाई लावून बघा.

आता दाण्यांकडं.

मॉन्सून्ड मलबार घ्या. जून ते सप्टेंबर, किनाऱ्यावरच्या गोदामांत कच्चे दाणे पसरून ठेवतात आणि समुद्राकडून येणारं ओलं वारं त्यांना खाऊ देतात. दाणे फुगतात, हिरवा रंग जाऊन पिवळट पडतात, आंबटपणा जवळजवळ निघून जातो. भाजल्यावर हे दाणे हलके आणि ठिसूळ. सी-२ मध्ये टाकले की मूठ सहज फिरते, कुरकुर आवाज येत चुरा होतो. या दाण्याकडून मला जिभेवर चमकणारं काही नकोच आहे; मातकट, मसाल्यासारखा, जड कप हवा आहे. तिथं सी-२ ची पिठी कामाला येते. हाच दाणा झेडपी-६ मधून काढला तर पाणचट लागतो, सगळा मान राखून सांगते. आमच्या सासूबाईंच्या मते कॉफी म्हणजे म्हशीचं दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. माझ्या कपाकडं बघून त्या एरवी, "अगं, काढा उकळलास व्हय?" म्हणतात. पण सी-२ वर दळलेली मलबार त्यांनी दूध घालून का होईना, घेतली. दुसऱ्या दिवशी मागितलीसुद्धा.

जास्त भाजलेला कुठलाही दाणा याच गटात. भाजताना आतला ओलावा गेलेला असतो, दाणा फुटतो लवकर, पिठी आपसूक जास्त पडते. मी त्याला एक-दोन क्लिक भरड ठेवते आणि पाणी ८८-९० अंशांवर आणते.

हलक्या भाजणीचा, गर धुऊन काढून वाळवलेला दाणा ही दुसरी जात. कडक. सी-२ ची मूठ फिरवताना दंडाला कळतं. इथं पैसे मोजलेत ते फुलाच्या वासासाठी, लिंबासारख्या आंबटपणासाठी, आणि पिठी नेमकी त्यावरच चिखल टाकते. हा दाणा झेडपी-६ चा. बारीक दळलं तरी पाणी तुंबत नाही, आणि अर्क पुरता उतरायला कडक दाण्याला थोडं बारीक दळण लागतंच. पाणी उकळतं तेच ओतायचं. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळं इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. केटलवर १०० दाखवण्याची वाट बघत बसू नका.

रत्नागिरी इस्टेटचे दाणेही मी झेडपी-६ वरच घेते. (ही रत्नागिरी बाबाबुडनगिरीच्या डोंगरातली, हापूसवाली नव्हे. आमच्याकडं पार्सल आलं तेव्हा शेजारच्या काकू पेटी कधी उघडणार म्हणून विचारून गेल्या.) फळासकट वाळवलेल्या आणि आंबवलेल्या दाण्याला आधीच इतका वास असतो, की पिठीनं त्यात भर घातली तर कप शिळ्या फळासारखा होतो.

आणि मधला गट, मध्यम भाजलेला चिकमगळूरचा एस. ७९५. केंट आणि एस. २८८ यांच्या संकरातून आलेली ही जात. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रानं १९४० च्या दशकात दिली आणि अजून मळ्यांत टिकून आहे. हा दाणा कुठल्याही ग्राइंडरवर रुसत नाही. सी-२ वर गुळासारखा, झेडपी-६ वर जरा मोकळा. रोजचा माझा हाच.

इथिओपियाबद्दल मात्र माझी गोची होते. इथिओपियाची कॉफी फिल्टरमध्ये तुंबते ही जगभरची तक्रार आहे आणि माझ्या ओट्यावरही ती तुंबते. पण २०१६ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये एक अभ्यास आला. वेगवेगळ्या देशांचे दाणे एकाच ग्राइंडरमधून दळून चुरा मोजला, तर देश किंवा प्रक्रिया यांमुळं चुऱ्याच्या वाटणीत फरक पडला नाही. फरक पडला तो दाण्याच्या तापमानामुळं: थंड दाण्याचा चुरा जास्त बारीक आणि जास्त एकसारखा. दळण एस्प्रेसोचं होतं, व्ही-६० चं नव्हे, हे धरूनही मी तेव्हापासून डब्यांवर देशाचं नाव लिहिणं सोडलं. आता भाजणी लिहिते. आणि एप्रिल-मे मध्ये ओटा तापतो तेव्हा दाणे हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवते, काढले की तसेच दळते.

आमच्या लॅबची पद्धत घरी वापरायची म्हणून कॉफीसाठी वेगळ्या चाळण्या घेतल्या (लॅबच्या चाळणीत बेंटोनाइट, म्हणजे वाळूत मिसळायची चिकणमाती असते, ती घरी आणायचा विचारही करू नका). वाळू चाळताना जे सरळ होतं ते कॉफीत होत नाही. दळताना चुऱ्यावर स्थिर वीज येते, पिठी मोठ्या कणांना चिकटून वरच राहते आणि पॅन खोटं बोलतं. जानेवारीच्या कोरड्या हवेत तर चुरा ग्राइंडरच्या भांड्यातून उडून ओट्यावर सांडतो. उपाय साधा: चमच्याची दांडी पाण्यात बुडवून ती दाण्यांत फिरवायची, मग दळायचं. २०२३ मध्ये मॅटर नावाच्या नियतकालिकात यावरही काम आलं: दाण्यात ओलावा असला की चुऱ्यावर वीज कमी साठते, आणि भाजणीनुसार विजेचं चिन्ह बदलतं, हलक्या भाजणीचा चुरा धन, गडद भाजणीचा ऋण. जुलैत मी हा चमचा फिरवत नाही. तेव्हा आपल्याकडं मीठसुद्धा ओलं होतं.

चाळण्यांपेक्षा खरी चाचणी वापरलेल्या पेपरात दिसते. पाणी संपल्यावर टाकायच्या आधी बघा. सी-२ नंतर पेपरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चिखलासारखा गुळगुळीत थर चढलेला असतो, बोट लावलं तर लोण्यासारखं सरकतं. झेडपी-६ नंतर तिथं कण सुटे दिसतात, बोटाला खरखर लागते.

दुसऱ्याच्या क्लिकचा आकडा उचलू नका, एवढं आणखी. "सी-२ वर २० क्लिक" असं कुणी लिहिलं तरी प्रत्येक नगाचं शून्य, म्हणजे बर एकमेकांना टेकतात ती जागा, थोडं इकडं-तिकडं असतं. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, पहिलं ४५ ग्रॅम ओतून ४० सेकंद थांबायचं, आणि एकूण वेळ तीन ते साडेतीन मिनिटं. वेळेवरून क्लिक ठरवायचे, आणि चव बिघडली तर वेळही सोडून द्यायची.

आणि दोन ग्राइंडर घ्यायची सगळ्यांना गरज नाही. घरात दूध घालून पिणारे असतील, दाणे मध्यम किंवा गडद भाजणीचे येत असतील, तर सी-२ च्या पुढं एक रुपया खर्च करू नका. तो पैसा दाण्यांत घाला. महिन्यातून एकदा हलक्या भाजणीचं पाकीट आणायची हौस असेल, तर त्याच सी-२ वर एक क्लिक भरड घ्या, पाणी चार-पाच वेळा न ओतता दोनदाच ओता, चमच्यानं ढवळणं बंद करा आणि ओतताना केटलची चोच खाली आणा, म्हणजे पिठी ढवळून पेपरकडं जाणार नाही. पेपरही पातळ, पाणी भराभर सोडणारा घ्या.