काशीनरेशांची विहीर, मुक्काम स्टोक रो

रेडिंगहून गाडी काढली आणि टेम्स ओलांडली की अर्ध्याएक तासात स्टोक रो येतं. ऑक्सफर्डशरमधलं एवढंसं खेडं. एक लांबट रस्ता, विटांची घरं, चर्च, शाळा, पब आणि रस्त्याच्या कडेला चक्क सोनेरी हत्ती. हा हत्ती बसलाय विहिरीच्या रहाटावर, त्यावर लोखंडी खांबांनी पेललेला घुमट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणी हौशी माणसानं राजस्थानातून छत्री उचलून आणली. पण ही विहीर खरोखर काशीच्या महाराजांनी, ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी, स्वतःच्या पैशांनी खोदवून घेतली आहे.

इंग्लंडात, जिथे बारा महिने भुरभुर चालू असते, तिथे पाण्याचं दुर्भिक्ष? होतं. चिल्टर्नच्या या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पाऊस पडला की पाणी सरळ खाली जिरतं, वर थेंब राहत नाही. लोक चिकणमातीच्या खड्ड्यांत साचलेलं गढूळ पाणी प्यायचे. उन्हाळा कडक गेला की तेही आटायचं. मग एका घरात स्वयंपाकाला वापरलेलं पाणी शेजारच्या घरी जायचं.

शेजारच्या इप्सडेन गावचा एडवर्ड रीड कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात होता. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईच्या हातचा मार खाल्लेल्या एका पोराची गोष्ट त्यानं महाराजांना सांगितली, असं म्हणतात. रीडनं तिकडे आझमगडला लोकांसाठी विहीर खणवली होती, ते महाराजांच्या लक्षात होतं. तिची परतफेड त्यांनी इथे केली.

खोदाई १८६३ मध्ये सुरू झाली आणि २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर लोकांना खुली झाली. व्यास फक्त ४ फूट, म्हणजे आपल्याकडचा आडच. खोली मात्र ३६८ फूट! लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलची उंची ३६५ फूट आहे, यावरून अंदाज करा. सगळं खोदकाम हातानं. त्या अरुंद भोकात तळाशी बसून खडू फोडणाऱ्या माणसाचा विचार केला तरी माझा जीव गुदमरतो. आडात आलं तरी पोहऱ्यात यायला वेळ लागायचा. एक पोहरा वर ओढायला दहाएक मिनिटं. पाणी मात्र फुकट.

देखभालीचा खर्च भागावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली. तिला नाव दिलं ईश्री बाग. बागेत माशाच्या आकाराचं तळं आणि राखणदारासाठी छोटंसं अष्टकोनी घर. दान देऊन मोकळं न होता पुढच्या खर्चाची तजवीज करणारा हा राजा मला आवडतो. पण पूर्ण आवडत नाही. १८५७ मध्ये हे महाराज इंग्रजांच्या बाजूनं उभे राहिले होते, त्यामुळे या औदार्याला राजनिष्ठेचा वासही आहे. शिवाय १८६०-६१ मध्ये दिल्ली-आग्र्याच्या पट्ट्यात दुष्काळानं लाखो माणसं मेली होती. दोन वर्षांनी काशीचा पैसा ऑक्सफर्डशरच्या पाण्याला आला. विहिरीपाशी उभं राहिलं की दोन्ही गोष्टी आठवतात, त्याला इलाज नाही.

आमच्या सासूबाईंना मी हे सगळं सांगत होते. त्यांनी अर्धं ऐकलं. १९६४ च्या शताब्दीला प्रिन्स फिलिप आले होते आणि विहिरीत गंगाजल ओतलं होतं, एवढं कानावर पडताच त्यांनी चपला काढल्या. "अगं, मग ही गंगाच की! नारळ आणला असतास तर?" मागे कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबून अदबीनं बघत राहिले.

इथवर आलात तर जवळचं यूएल्म गाव चुकवू नका. स्टोक रोच्या टेकडीत जिरणाऱ्या पाण्यासारखं खडूतलं पाणी इथे, डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्यांतून बाहेर पडतं. त्या वाहत्या, काचेसारख्या पाण्यात पूर्वी वॉटरक्रेस ही पालेभाजी पिकवायचे, ते वाफे अजून आहेत. चर्चमध्ये जुना इंग्रज कवी चॉसर, त्याच्या नातीची, ॲलिसची, अलाबास्टर दगडाची कबर आहे. वर झोपलेली देखणी सरदारीण आणि खाली वाकून पाहिलं तर तिचाच हाडांचा सापळा झालेला देह. मुलांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वॉलिंगफर्डजवळच्या चोल्सीला अ‍ॅगाथा ख्रिस्तीची कबर आहे, हेन्लीला नदीकाठी चहा छान होतो.

वाटेत डोक्यावर तांबड्या घारी घिरट्या घालताना दिसतील. इथून त्या पार नाहीशा झाल्या होत्या, १९८९ पासून स्पेनहून आणून सोडल्या. इंग्रज लोक दुर्बिणी लावून बघतात. गच्चीवरच्या पापडांची राखण केलेल्या माणसाला घारीचं एवढं कौतुक झेपत नाही.

स्टोक रोला रेल्वे नाही, गाडी हवीच. नाहीच जमलं तर लंडनच्या रीजंट्स पार्कात जा. तिथे १८६९ चं एक दगडी कारंजं आहे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं. पैसे दिले होते आपल्या मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी.