वॉर्डातले शिक्षक

आज बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून घरी परतताना मनात एकच गोष्ट घोळत होती. सकाळच्या राउंडला प्राध्यापकांनी छातीत पाणी झालेल्या पेडण्याच्या एका आजींची केस समजावली आणि ती मी वहीत उतरवूनही घेतली, पण ते पाणी माझ्या बोटांना कळले ते दुपारी, जेव्हा रात्रभर जागलेल्या आमच्या निवासी डॉक्टर मॅडमनी माझ्या एका हाताचे मधले बोट आजींच्या पाठीवर दोन बरगड्यांच्या मध्ये घट्ट टेकवले, त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकायला लावले आणि "कोपर नव्हे, मनगट हलव, ठोकलेस की ठोकणारे बोट लगेच उचल," असे सांगत दोन्ही बाजू वरपासून खालपर्यंत तपासून घेतल्या. उजवीकडे खाली आवाज एकाएकी दगडावर ठोकल्यासारखा बद्द झाला. हात लावण्यापूर्वी त्यांनी आजींना कोकणीत विचारले होते आणि स्वतःचे तळवे चोळून ऊबदार केले होते, तेही मी पाहून ठेवले.

१८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली, तेव्हापासून ही विद्या गोव्यात अशीच हातातून हातात आली असावी. निवासी डॉक्टरांकडून शिकवण्याची अपेक्षा सगळेच करतात, परंतु त्यासाठी त्यांच्या पाळीत वेळ मात्र कोणी राखून ठेवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आज मॅडमनी जेवणाचा डबा उघडला तेव्हा साडेचार वाजले होते.