सिडनीतील २६ जानेवारी

इथल्या मराठी कुटुंबांची २६ जानेवारीची सकाळ ध्वजवंदन, संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन आणि अल्पोपाहार यांत जाते. ऑस्ट्रेलियाची त्या दिवशीची सुट्टी मात्र वेगळ्या कारणासाठी असते: १७८८ साली याच तारखेला वसाहतीसाठी जहाजे घेऊन आलेल्या आर्थर फिलिपने सिडनी कोव्ह येथे ब्रिटिश झेंडा रोवला होता. त्या घटनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९३८ साली, ज्यांची भूमी गेली त्या अ‍ॅबोरिजिनल (मूळनिवासी) लोकांनी याच शहरात शोकदिन पाळला. आणि आता त्यांचे वंशज याच तारखेला व्हिक्टोरिया पार्कमध्ये ‘याबून’ हा विनामूल्य संगीत महोत्सव भरवतात. यंदा ध्वजवंदनानंतर मी तिथे गेले.

निलगिरीच्या पानांची धुरी, अंगाला पांढरी माती लावलेले नर्तक, हे सारे तिथे होतेच. पण मला हलवून सोडले ते मुख्य व्यासपीठाने. तिथे इलेक्ट्रिक गिटार होती, रॅप होते, कंट्री संगीत होते, आणि यातले काहीही आपल्या परंपरेत बसते की नाही हे कोणाला पटवून द्यावे लागत नव्हते. योथू यिंडी या बँडने १९८६ पासून यिडाकी (लांब नळीसारखे फुंकवाद्य, डिजरिडू) आणि रॉक संगीत एकत्र आणले. पंतप्रधान बॉब हॉक यांनी १९८८ मध्ये दिलेले अ‍ॅबोरिजिनल लोकांशी कराराचे वचन पाळले गेले नाही, तेव्हा या बँडने ‘ट्रीटी’ (करार) हे गाणे केले आणि त्यावर साऱ्या देशाला नाचायला लावले. योल्ङु या अ‍ॅबोरिजिनल समाजाच्या भाषेत रॅप करणारा बेकर बॉय २०१९ चा ‘यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ ठरला.

वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाची ती यिडाकी, तिच्या तोंडाशी मेणाचे कडे, आणि वादक नाकाने श्वास घेत असतानाही न तुटणारा तिचा सूर मी अगदी जवळून पाहिला-ऐकला, तेव्हा डहाणूकडचा तारपा आठवल्याशिवाय राहिला नाही. भोपळ्याच्या त्या वाद्यातही श्वास असाच अखंड फिरवावा लागतो. आपण मात्र तारपा ऐकतो तो पाहुण्यांच्या स्वागताला किंवा चित्ररथावर, आणि तोही वादकाने पारंपरिक वेष केला असेल तरच. वारली तरुणाने जीन्स घालून तारप्यासोबत गिटार घेतली, तर ‘मूळ कला बिघडली’ अशी हळहळ सर्वांत आधी आम्ही शहरी रसिकच व्यक्त करू. ती मूळ कशी राहावी हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, हा प्रश्न मला फार बोचतो.

शेजारी बसलेल्या बाईंनी भारतातील आदिवासींविषयी विचारले, तेव्हा मी अभिमानाने सांगितले, की लोकसभेत त्यांच्यासाठी ४७ जागा राखीव आहेत; येथे तर संसदेला केवळ सल्ला देणारी मूळनिवासींची संस्था घटनेत आणण्याचा प्रस्तावही २०२३ च्या सार्वमतात फेटाळला गेला. हे सांगणे आवश्यक होते असे मला आजही वाटते. आम्ही १७८८ च्या जहाजांतून आलो नाही, हेही खरे आहे. मात्र ज्या घराचे हप्ते आम्ही भरतो, त्याखालची जमीन त्याच वसाहतीने हिरावलेली आहे.

पुढील वर्षी ध्वजवंदन सकाळी लवकर आटोपून सर्वांनी मिळून याबूनला जावे, असे मी आमच्या मंडळाला लेखी कळवले आहे.