सगळं हिरवं, तरीही ११ मिलिमीटर

"एअरबॅगच उघडल्या नाहीत, मग गाडीला एवढं झालंय तरी काय?" मोटार सर्व्हेच्या, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी गाडीचं नुकसान तपासायच्या धंद्यात हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर तोंडपाठ आहे. या वेळी विचारणारा तिशीतला मालक होता. गाडी दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार, इंजिन सीटच्या मागे आणि डिकी पुढे. मॉडेल लिहीत नाही, पुण्यात अशा गाड्या मोजक्या आहेत, मालक लगेच ओळखू येईल.

रात्री हायवेवरून बाणेरच्या सर्व्हिस रोडला उतरताना कुत्रं आडवं आलं, असं क्लेम फॉर्म म्हणतो. (क्लेम फॉर्ममधल्या कुत्र्यांवर कधीतरी वेगळं लिहीन.) डावं पुढचं चाक दुभाजकाच्या तोंडावर आदळलं. बंपर खरचटलेला, डाव्या हेडलॅम्पचा एक कान (बॉडीला अडकवायचं टोक) तुटलेला, पुढच्या झाकणावर ओरखडासुद्धा नाही. अलॉयचे मात्र तुकडे झालेले.

पुढची एअरबॅग उघडते ती गाडीचा वेग किती झटक्यात तुटला यावर. पत्रा किती वाकला, हे तिला कळत नाही. इथे गाडी जागच्या जागी थांबलीच नव्हती, चाक आपटून ती पुढे घसरत गेली. मार बसला तो टायर, रिम, कंट्रोल आर्म (चाक बॉडीला जोडणारा दांडा) या वाटेने थेट बॉडीत. बंपरवरून नुकसान जोखणाऱ्यांना ही वाट दिसत नाही, आणि त्यात काही सर्व्हेयरही मोडतात.

वर्कशॉपचं पहिलं एस्टिमेट १९ लाखांचं होतं. गाडी ओपन केल्यावर पुरवणी आली आणि आकडा २७ वर गेला. झिरो डेप (घसारा न कापणारी) पॉलिसी असल्यामुळे प्लास्टिक-रबरावर एरवी कापतात तो ५० टक्के घसारा इथे नव्हता. चेसिस मोजल्याशिवाय बॉडीवर शिक्का देणार नाही, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. पण जिगवर, म्हणजे चेसिस पकडून मोजायच्या सांगाड्यावर, दुसरीच एसयूव्ही चढलेली होती. म्हणून वर्कशॉपने आधी नवे आर्म, नकल (चाक धरणारा भाग), स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकचा उभा खांब) बसवले आणि अलाइनमेंट काढली. बॉडीशॉप मॅनेजरचा फोन आला, "साहेब, सगळं ग्रीन आलंय. जिगची गरजच नाही."

प्रिंट खरंच हिरवा होता. कॅम्बर, कॅस्टर, टो हे चाकांचे कोन, डावं-उजवं सगळं मापात. विमा कंपनीच्या क्लेम डेस्कला तो प्रिंट माझ्या आधी पोचला होता, आणि तिथल्या साहेबांना २७ लाखांत फाइल बंद करायची घाई होती.

मला थांबवलं ते तिथल्या जुन्या डेंटर मिस्त्रींनी. मॅनेजर एसीत बसलेला असताना त्यांनी मला पुढच्या डिकीत वाकायला लावलं, आतलं कार्पेट उचललं आणि सांध्यावरून बोट फिरवलं. "सांध्यावरचा सीलर फुटलाय, साहेब. पत्रा हलल्याशिवाय हा फुटत नाही." त्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात कमी पगार बहुधा त्यांचाच असावा.

मग मी प्रिंटचं दुसरं पान मागितलं. त्यावर सेटबॅक असतो, म्हणजे एक पुढचं चाक दुसऱ्याच्या किती मागे आहे ते. या प्रिंटवर त्या ओळीला ना हिरवा रंग ना लाल, त्यामुळे कुणी वाचलीच नव्हती. डावं चाक ११ मिलिमीटर मागे.

इथे थोडं थांबतो, कारण आमच्या धंद्यात हे समजावून सांगायची संधी क्वचित मिळते. स्ट्रटचं वरचं टोक एकटं मागे सरकलं तर चाकाचा अक्ष कलतो आणि कॅस्टर बिघडतो. खालच्या आर्मची बैठक एकटी मागे गेली तर तो उलट दिशेने बिघडतो. पण दोन्ही सारख्याच मागे गेल्या, तर अक्षाचा कल जसाच्या तसा राहतो. कोन शाबूत, आणि अख्खा कोपरा मात्र मागे सरकलेला. अलाइनमेंट मशिन मुख्यतः कोन सांगतं. आपण विचारलं तेवढंच ते सांगतं, सरकारी कार्यालयासारखं.

मशिनवर विश्वास नसेल तर ओळंबा आणा, म्हटलं. गाडी सपाट फरशीवर घेऊन चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडला, खडूने खुणा केल्या, टेप लावला. डावीकडचा व्हीलबेस उजव्यापेक्षा ११ मिलिमीटर कमी. मॅनेजरनं टेप स्वतः धरून पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी जिग रिकामी झाली.

जिगवर आधी मधल्या, मार न बसलेल्या भागातले बिंदू धरून शून्य पक्कं केलं. मग पुढे गेलो. कंपनीच्या डेटाशीटशी तुलना करताना ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक आम्ही चालवून घेतो. डावा स्ट्रट टॉवर (स्ट्रटचं वरचं टोक जिथे बसतं तो बॉडीचा भाग) १० मागे, आर्मची बैठक ११ मागे. पोलादी गाडी असती तर खेचून आणली असती. इथे टॉवर ओतीव अॅल्युमिनियमचा, आणि तो खेचला की वाकत नाही, तडकतो. तडकलेला होताच. टॉवरच्या मुळाशी चिरेत शिरणारी लाल डाय लावली, पुसली, वर पांढरा डेव्हलपर मारला, आणि नखाएवढी लाल रेघ वर आली. त्या रेघेचा फोटो माझ्या आजवरच्या रिपोर्टांमधला सर्वांत चांगला आहे. (त्याच वेळी शेजारी, फक्त अॅल्युमिनियमसाठी राखलेल्या बेमध्ये, एक पोरगा पोलादी दरवाजा ग्राइंड करत होता. पोलादाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुतले की गंज तिथून सुरू होतो. भिंतीवर तशी पाटी होती, त्याच्या डोक्याच्या बरोबर वर.)

नवा ओतीव भाग जर्मनीहून, रिव्हेट आणि स्ट्रक्चरल अॅडेसिव्हने जोडकाम, इंजिनीअरची मजुरी, सगळं धरून आकडा ४८ लाख ९० हजार. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली किंमत, ६२ लाख. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली की टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती नाही, आयडीव्हीचे पैसे, आणि ती रेषा होती ४६ लाख ५० हजारांवर.

मालक भडकला. त्याला गाडी हवी होती, आयडीव्ही नको होती. घेतली त्यापेक्षा ती खूपच कमी, आणि रिटर्न टू इनव्हॉइस (खरेदीच्या बिलाएवढी रक्कम देणारं जादा कव्हर) त्यानं घेतलेलं नव्हतं. "गाडी सरळ चालतेय. अकरा मिलिमीटर म्हणजे काय हो, बोटाएवढंसुद्धा नाही." मॅनेजरनं बाजूला घेऊन सुचवलं, हेडलॅम्प ३ लाख ६० हजारांचा आहे. नुसता कान तुटलाय, कानाचं रिपेअर किट मिळतं. ते धरा, आपण रेषेखाली येतो. (त्या हेडलॅम्पच्या किमतीत माझी फी किती वेळा बसते, हे मी मोजत नाही.) पण कानाच्या मागे हाउसिंगला बारीक चीर होती, आणि गाडीच्या कंपनीची सूचना तशा वेळी पूर्ण युनिट बदला अशीच आहे. मी तेच लिहिलं. फाइल टोटल लॉसमध्ये गेली.

किट धरलं असतं तर ती गाडी नव्या ओतीव भागासह, जिगवर, कंपनीच्या पद्धतीने उभी राहिली असती. आता ती सॅल्व्हेज (अपघातातली मोड) म्हणून आरसीसकट ऑनलाइन बोलीवर गेली आणि परराज्यातल्या एका व्यापाऱ्यानं २७ लाखांना उचलली. २७ देणारा माणूस जर्मनीहून भाग मागवणार नाही. तडकलेल्या टॉवरवर वेल्डिंग, वर सीलर, वर रंग, आणि अलाइनमेंटचा हिरवा प्रिंट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये नोंदणी रद्द करायची सोय आहे, पण ती नष्ट झालेल्या किंवा कायमच्या निकामी गाडीसाठी. ही तर चालती गाडी. अमेरिकेत अशा गाडीच्या कागदावरच 'सॅल्व्हेज' असा शिक्का पडतो, आपल्या आरसीवर तसा काही शेरा येत नाही.

बोली उघडायच्या आधी मी डेस्कला फोन केला होता. जिगचा रिपोर्ट आणि त्या लाल रेघेचा फोटो पोर्टलवर बाकीच्या फोटोंसोबत टाका, म्हटलं. साहेब म्हणाले, चार बाजू, इंजिन, ओडोमीटर, एवढेच फोटो जातात. मी मेलवर लेखी मागितलं. उत्तर दोन ओळींचं होतं: सूचना नोंदवली आहे, मात्र अशा फोटोंनी बोली पडते. तरीही तो फोटो टाकला का, हे मला तपासता येत नाही. पोर्टलचं लॉगिन सर्व्हेयरला मिळत नाही.