मीटरच्या पेटीवरचं घर

आमच्या पॅसेजमध्ये मीटरच्या पेटीवर एक घर टांगलंय. पेटी दिसू नये म्हणून. जुन्या कॅलेंडरचं पान आहे, नाक्यावरच्या दुकानातून फ्रेम करून आणलेलं. समुद्रावरच्या कड्याच्या उतारावर एकटंच बसकं घर, भोवती झुडपांचं रान, खाली पाणी आणि पाण्यावर शिडांचे पांढरे ठिपके. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८८२ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, वारांजव्हिलला रंगवलेलं. मूळ चित्र रॉटरडॅमला आहे.

अगदी जवळ गेलं की घर नाहीसं होतं. नुसते फटकारे उरतात, नारिंगी, हिरवे, जांभळे. घाईत कुणी ब्रश पुसल्यासारखे. फ्रिजला पाठ टेकेपर्यंत मागे सरकावं, मग छप्पर जागेवर येतं, भिंतीवर ऊन पडतं, झुडपांतून वारा सुटतो. सावली म्हणून काळा रंग शोधायला जावं तर तिथे निळा-जांभळा. आमच्या पॅसेजमध्ये ऊन कधीच येत नाही, त्यामुळे मला याचं अप्रूप जरा जास्तच.

आईला नाही. विहिरीचं पाणी खांद्यावरून वाहण्यात तिचं लहानपण गेलं. चित्र लावलं त्या दिवशी तिनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या उतारावर पाणी कोण भरतं?"

मी मात्र मनानं कधीच तिथे राहायला गेले होते. मग कुठंतरी वाचलं की ती मुळात जकातीची चौकी. नेपोलियनच्या काळात चोरटा माल उतरू नये म्हणून पहारेकऱ्यांसाठी बांधलेली. मोने आला तोवर कोळी तिथे आपलं सामान ठेवू लागले होते. म्हणजे मी हौसेनं मुलुंडचा जकात नाकाच भिंतीवर लावला की!

तरी मोनेला त्या चौकीनं झपाटलं होतं हे खरं. शेजारच्या पूरव्हिलला मुक्काम ठोकून त्यानं त्या एका वर्षात ती डझनाहून अधिक वेळा रंगवली, कधी या बाजूनं, कधी त्या, उजेड बदलला की पुन्हा. चौदा-पंधरा वर्षांनी परत येऊन आणखी काढली. आतून मात्र एकदाही नाही.

परवा रात्री फ्यूज उडाला. घर उतरवून खाली भिंतीला टेकवलं. आईनं मोबाईलचा टॉर्च धरला होता, तो पेटीऐवजी चित्रावरच.

"अगं, इकडे धर."

"थांब. या उजेडात पाऊलवाट दिसतेय बघ."


मी वाकून पाहिलं. काचेवरचा ओरखडा होता.