ट्रेकसाठी चाकू घेताना आधी मूठ पाहिली

न दुमडणारा, म्हणजे फिक्स्ड ब्लेड चाकू हवा होता आणि खिशाला झेपेल असाच. काम काय, तर कांदा-बटाटा चिरणं, दोरी कापणं, फार तर सुकी काटकी तासणं. रतनगडाचा सगळा पट्टा अभयारण्यात येतो, तिथे झाडाला हात लावायचा नाही. त्यामुळे जाड पात्याचं धूड नकोच होतं. चार इंच पातं, अडीच-तीन मिलिमीटर जाडी, एवढं पुरे.

नाशिकच्या भांडी बाजारात आणि रविवार कारंज्याच्या आसपास दुकानं पालथी घातली. माझी परीक्षा एकच: हात ओला करायचा, मूठ घट्ट आवळायची आणि पुठ्ठा कापत राहायचं. एक दुकानदार म्हणाला, "दादा, चाकू घेताय की त्याला आंघोळ घालताय?" पण पावसात हरिहर गडाच्या पायथ्याला हात कोरडे राहतात कुठे!

मुठीच्या टोपणात होकायंत्र बसवलेला 'सर्व्हायव्हल' चाकू लगेच बाद केला. मूठ पोकळ, म्हणजे पातं आत जेमतेम रोवलेलं; जोर पडला की तिथेच हलणार. बोटांच्या खाचा पाडलेली मूठ दिसायला झकास, पण माझी करंगळी नेमकी उंचवट्यावर यायची. गोल मूठ ओल्या हातात फिरते. अंडाकृती असली की धार कुठल्या बाजूला आहे, ते अंधारातही हाताला कळतं.

ट्रेकमधल्या मित्राकडे स्वीडनचा मोरा कंपॅनियन आहे. मुठीवर रबरासारखं आवरण, पुढे बोट अडायला उंचवटा. पातं मुठीच्या टोकापर्यंत जात नाही म्हणून लोक नाक मुरडतात. चिरण्या-तासण्याला त्याने काही बिघडत नाही; पात्यावर ठोकून लाकूड फोडायचं असेल तर गोष्ट वेगळी. तो हातात बसला, किंमत मात्र बसली नाही.

शेवटी कोयते-विळे करणाऱ्या लोहाराला मोराच्या मुठीचा कागदावर काढलेला आकार दाखवला. त्याने गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद घेतलं, मुठीला बाभळीचं लाकूड लावलं आणि दोन रिव्हेट मारले. मूठ जरा जाडच ठेवायला सांगितली होती, कारण जाड असेल तर घासून कमी करता येते. घरी पॉलिश पेपरने कडा मारल्या. तळव्याला जिथे टोचायचं तिथे पेन्सिलने खूण करायची, घासायचं, पुन्हा धरून बघायचं. हे काम चिवट आहे, पण पैसे वाचले ते इथेच. मग जवसाचं तेल मुरवलं. पातं स्टेनलेस नाही, म्हणून वापरून झालं की पुसून खोबरेल लावतो.

एक सांगायचं राहिलं. घरगुती किंवा शेतीकामाचं हत्यार नसेल आणि पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर शस्त्रकायद्याचा परवाना लागतो. शिवाय सणासुदीला पोलीस आयुक्तालयाचा मनाई आदेश असतो, त्यात छोटा चाकूही अडकू शकतो. म्हणून शहरातून जाताना माझा चाकू म्यानात, सॅकच्या तळाशी, स्टोव्ह-भांड्यांबरोबर असतो. कमरेला लावायची हौस गडावर गेल्यावर.